सौदा 68 लाखांचा, बँकेचं व्हॅल्युएशन 61 लाखांचं आणि छताला ओल: आता काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. महापालिका हद्दीतली 1994 ची चार मजली इमारत, वरच्या मजल्यावरचा टू बीएचके. एजंटने 850 चौरस फूट सांगितला, सौदा 68 लाखांना ठरला, 1 लाख बयाणा देऊन झाला. बँकेच्या व्हॅल्युअरने 61 लाख लावले. बेडरूमच्या छताला ओल आहे आणि बाथरूमच्या बीमला लांब तडा आहे. घरमालक म्हणतात, बँकवाले नेहमीच कमी लावतात. एजंट म्हणतो, वॉटरप्रूफिंग केलं की ओल गेली, आणि वरचे 7 लाख रोख देऊन विषय संपवा. तुम्ही विचारताय की भाव पाडून मागावा, दुसऱ्या बँकेकडे जावं की सरळ सौदा मोडावा.

मी स्थापत्य अभियंता आहे. गेली 22 वर्षं जुन्या इमारतींची तपासणी करतो आणि काही बँकांसाठी व्हॅल्युएशनही करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुर्चीत बसलोय. तुमचं लिहिणं वाचून वाटलं की भाव कमी का आला आणि घर कसं आहे, हे दोन निराळे प्रश्न तुमच्या मनात एक झालेत. छताला ओल आहे म्हणूनच बँकेने 7 लाख कापले असतील, असं तुम्ही धरून चाललाय. तसं असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. आणि तसं नसेल, तर त्या 61 लाखांत तुमच्या बीमच्या तड्याचा हिशोब अजून कुणी केलेलाच नाही.

बँकेसाठी फ्लॅट बघायला जातो तेव्हा मी आत 20-25 मिनिटं असतो. लेझर मीटरने खोल्या मोजतो, मंजूर नकाशाशी ताडून पाहतो, चतुःसीमा लिहितो, फोटो काढतो, इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य नोंदवतो. आरसीसी, म्हणजे आत सळया घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतीचं एकूण आयुष्य साधारण 60 वर्षं धरायची आपल्याकडे पद्धत आहे. फॉल्स सीलिंग मी उघडत नाही, पलंग सरकवत नाही, गच्चीची चावी मिळाली नाही तर तसाच परत येतो. कारण बँकेने मला एकच विचारलेलं असतं: कर्ज बुडालं आणि हे घर विकावं लागलं, तर किती येतील? ओल दिसली तर ‘देखभाल मध्यम’ एवढा शेरा मी लिहितो. तुम्ही तिथे 20 वर्षं राहणार आहात, स्लॅबची सळई गंजलीय का, हे त्या अहवालात नसतं आणि त्याची अपेक्षाही ठेवू नका. त्यासाठी आपला माणूस, आपल्या खर्चाने लावावा लागतो.

आधी आकडा बघू. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यातली जी कमी, ती धरते. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या 80 टक्क्यांची आहे. तुम्ही 68 लाखांवर 54 लाख 40 हजारांचं कर्ज मनात धरलं होतं. 61 लाखांवर ते 48 लाख 80 हजार होतं. म्हणजे खिशातून 13 लाख 60 हजारांऐवजी 19 लाख 20 हजार घालावे लागतील, तब्बल 5 लाख 60 हजार जास्त. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशोबात येत नाही, ती वेगळी. तुम्हाला झोप का लागत नाही ते मला समजतं.

आता हा आकडा कमी का आला ते शोधा. बँकेकडे व्हॅल्युएशन अहवालाची प्रत लेखी मागा. सगळ्या बँका देत नाहीत, पण क्षेत्रफळ किती धरलं आणि दर काय लावला, एवढं तरी कर्ज अधिकारी बहुधा सांगतात. माझा पहिला संशय क्षेत्रफळावर आहे. 1994 च्या व्यवहारांत बिल्टअप (भिंतींसकट) आणि सुपर बिल्टअप (जिना, लॉबीचा हिस्साही धरून) असे शब्द सर्रास चालायचे. एजंटचे 850 हे सुपर बिल्टअप असतील, तर आतली वापरायची जागा 600 चौरस फुटांच्या आसपास निघू शकते. 68 लाखांना 850 ने भागलं की चौरस फुटाला 8,000 येतात आणि भाव वाजवी वाटतो. 600 ने भागलं की तोच दर 11,300 च्या वर जातो. व्हॅल्युअर मूळ करारनाम्यातलं क्षेत्रफळ आणि स्वतःची मोजणी धरतो, एजंटचा आकडा नाही. म्हणून रविवारी टेप घेऊन जा आणि प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरा संशय मंजूर नकाशाबाहेरच्या बांधकामावर. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असेल, गच्चीच्या तुकड्यावर पत्रे टाकून खोली केलेली असेल, तर विकणारा तिचे पैसे लावतो आणि बँक लावत नाही. त्यात बँकेचं चुकत नाही. उद्या पालिकेची नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येणार आहे.

तिसरी गोष्ट आजूबाजूचे व्यवहार. हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येतो. त्यात मोबदला, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या, त्याच वयाच्या इमारतींतले गेल्या वर्षभरातले तीन-चार व्यवहार काढा. ते 68 च्या जवळचे असतील तर व्हॅल्युएशनचा फेरविचार मागायला तुमच्याकडे आधार आहे. 60-62 च्या आसपास असतील तर व्हॅल्युअर बरोबर आहे आणि तुम्ही जास्त देताय, मग दुसरी बँक शोधून काय मिळवणार? नुसतं ‘पार्टी म्हणते कमी आहे’ असं बँकेने कळवलं तर मी आकडा बदलत नाही. पण एकदा जोडून असलेली खासगी गच्ची माझ्या मोजणीतून सुटली होती. खरेदीदाराने करारनाम्याचं पान आणि नकाशा पाठवला, आणि मी त्याच दिवशी अहवाल सुधारून दिला. फेरविचार कागदावर होतो, वादावर होत नाही.

एजंटच्या रोख रकमेबद्दल फार बोलत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूने बघाल तर त्या 7 लाखांची पावती नसेल. सौदा फिसकटला तर ते कोणत्या तोंडाने परत मागणार? करारात भाव फुगवून दाखवायचा उलटा सल्लाही कुणी देईल. त्याचा उपयोग शून्य, कारण बँक कमी आकडाच धरते आणि मुद्रांक मात्र तुम्ही जास्त भरता.

आता घराकडे येऊ, कारण मला खरी काळजी तिथे आहे. ओल आणि तडा हे तुम्ही एका दमात लिहिलंय, पण माझ्या लेखी त्यांचं वजन सारखं नाही.

वरच्या मजल्याच्या बेडरूमच्या छताला ओल म्हणजे बहुतेक वेळा गच्ची. गच्चीवर जा. वीटकोब्याला (गच्चीवरच्या वीट-सिमेंटच्या थराला) भेगा आहेत का, पॅरापेट म्हणजे कठड्याची भिंत आणि गच्ची जिथे मिळते तिथला वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावा) सुटलाय का, पाणी उतरायच्या जाळीत माती साचलीय का, पाण्याची टाकी नेमकी तुमच्या बेडरूमवर बसलीय का, हे बघा. खाली खोलीत पांढरा लोणा आलेला असेल तर पाणी बरेच पावसाळे मुरतंय. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि गच्चीतून गळून खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत दुरुस्त करणं संस्थेच्या खर्चाचं काम आहे. फ्लॅटमधल्या नळ, संडास, बेसिनची गळती मात्र सभासदाची. म्हणजे ‘वॉटरप्रूफिंग केलं की झालं’ हे सांगणारा एजंट ते काम करू शकत नाही आणि तुम्हीही एकट्याने करू शकत नाही. संस्थेने ठराव केलाय का, कोटेशन आलंय का, पैसे आहेत का, हे सेक्रेटरींना विचारा. नुसत्या ओलीसाठी मी कुणाला घर सोडायला सांगणार नाही.

बाथरूमच्या बीमच्या तड्याचं वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय की तो बीमच्या खालच्या अंगाला, लांबीच्या दिशेने जातो. भिंत आणि कॉलम मिळतात तिथला उभा, केसासारखा तडा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, वीट आणि काँक्रीट वेगवेगळं आकसतं म्हणून तो येतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघणारा तडा लक्ष ठेवण्यासारखा. त्याच्या टोकाला पेन्सिलीने तारीख घालून ठेवावी आणि दोन महिन्यांनी बघावं. पण बीमखालून सळईच्या रेषेत पळणारा तडा आतून येतो. पोलाद गंजलं की गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. त्या दाबाने खालचं काँक्रीट फुटतं, फटीतून आणखी पाणी आणि हवा शिरते, गंज वाढतो. वरून प्लास्टर करून रंग मारला तर तडा दोन वर्षं दिसत नाही, एवढंच.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबासाठी असाच एक फ्लॅट तपासायला गेलो होतो. घर नुकतंच रंगवलेलं, बाथरूमला नवं पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग. मालकांना विनंती करून एक पट्टी काढायला लावली. टॉर्च मारला तर स्लॅबचं कव्हर, म्हणजे सळयांखालचा काँक्रीटचा थर, हातभर सुटलेलं, सळया उघड्या. एका सळईवरून बोट फिरवलं आणि तपकिरी पापुद्रे तळहातावर पडले, सुकलेल्या पानांसारखे. मूळची 10 मिलिमीटरची सळई व्हर्नियरवर 7 भरली. खरेदीदार बाई माझ्या मागे स्टुलावर उभ्या होत्या. त्यांना मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या फ्लॅटचं बँकेचं व्हॅल्युएशन सौद्याइतकंच आलं होतं, एक रुपयाही कमी नाही.

म्हणून तुमच्याकडे छोटा हातोडा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअर जायला हवा. प्लास्टरवर हलकेच ठोकत गेलं की भरीव जागी खणखणीत आवाज येतो आणि सुटलेल्या जागी बद्द. ही पहिली चाचणी तुम्ही रुपयाच्या नाण्यानेही करू शकता. पुढच्या चाचण्या त्याने ठरवायच्या. तडकलेल्या जागी थोडं काँक्रीट उघडून फिनॉल्फथॅलिन या रसायनाचा फवारा मारतात. काँक्रीटमधली अल्कधर्मिता शाबूत असेल तर ते गुलाबी होतं, संपली असेल तर रंग येत नाही. सळईच्या खोलीपर्यंत रंग आला नाही, तर तिचं संरक्षण गेलं असं समजायचं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी (काँक्रीटचा दर्जा बघायला), हाफ सेल (सळईच्या गंजाचा अंदाज घ्यायला) या चाचण्या एका फ्लॅटपुरत्या करणं नेहमीच परवडत नाही. त्या संपूर्ण इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे मजबुतीच्या तपासणीत, येतात.

आणि ते ऑडिट हा तुमच्या सगळ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तुमची इमारत तिशी ओलांडून गेलीय. ‘अजून केलेलं नाही’ हे सेक्रेटरींचं उत्तर मी उत्तर म्हणून धरत नाही. तो इशारा धरतो. ऑडिट झालेलं असेल तर शेवटच्या पानावरची वर्गवारी बघा. मुंबई महापालिकेच्या पद्धतीत सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. राज्यात इतरत्रही हीच अक्षरं ऐकायला मिळतात.

एवढा आग्रह का धरतो ते सांगतो. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळून 17 माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वर राहणाऱ्यांच्या घरात कदाचित एकही तडा नसेल. महाडची तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 ला पडली, तेव्हा तिला 10 वर्षंही झाली नव्हती. म्हणून फक्त तुमचा फ्लॅट आणि फक्त इमारतीचं वय बघून मला पुरत नाही. खाली दुकानं असतील तर आत डोकावून या, कुणी भिंत किंवा कॉलम छिलून जागा वाढवलीय का ते बघा.

दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर कसा येतो, हे बरेच खरेदीदार विसरतात. समजा संस्थेने दीड कोटींची दुरुस्ती काढली आणि 40 सभासद आहेत. दर सभासदी 3 लाख 75 हजार. ठराव तुम्ही सभासद होण्याआधी झालेला असला तरी वसुली पुढे चालू राहते आणि बिल त्या वेळच्या सभासदाला येतं. म्हणून सिंकिंग फंडातली (मोठ्या दुरुस्तीसाठी संस्थेने साठवलेल्या निधीतली) शिल्लक, शेवटच्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि ‘येणे बाकी नाही, कोणतीही विशेष वर्गणी मंजूर झालेली नाही’ असं संस्थेचं पत्र, हे तिन्ही करार नोंदवायच्या आधी हातात हवं.

आता पैशांचं बोलणं. क्रम असा ठेवा: क्षेत्रफळ मोजा, सूची 2 काढा, इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या, संस्थेची कागदपत्रं बघा, आणि मगच घरमालकांसमोर बसा. ‘बँकेने कमी लावलं म्हणून तुम्ही कमी करा’ असं म्हणालात तर ते दुसरा खरेदीदार दाखवतील. ‘आतली जागा मोजून इतकी भरते, याच इमारतीतला फ्लॅट अमुक महिन्यात इतक्याला नोंदवलाय, आणि बीमच्या दुरुस्तीचं हे कोटेशन’ असं म्हणालात तर त्यांना पुढच्या खरेदीदारापुढेही हेच येणार हे कळतं. क्षेत्रफळ आणि दराची तफावत मी पूर्ण मागेन, त्यात तडजोड नाही. फ्लॅटमधल्या दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा करायला हरकत नाही. संस्थेची मंजूर झालेली वर्गणी विकणाऱ्यानेच द्यायची.

एक सांभाळा. भाव खाली आणताना रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर बघून ठेवा. मुद्रांक शुल्क करारमूल्य आणि रेडी रेकनरचं मूल्य यातल्या जास्त रकमेवर लागतं. आणि रेडी रेकनरचं मूल्य तुमच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त निघालं, तर फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो. हे सीएला दाखवून घ्या.

तुमच्या 1 लाख बयाण्याबद्दल सगळं पावतीवर काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही कळवलेलं नाही. कर्ज मंजूर न झाल्यास परतीची अट असेल तर प्रश्न नाही. नुसतं ‘बयाणा पोहोचला’ असेल तर वकिलाला विचारा, पण 1 लाख अडकलेत म्हणून 68 लाखांचा निर्णय रेटू नका. बोलणी पुढे गेली तर समजुतीच्या करारात हे वाक्य घाला: ‘खरेदीदाराच्या अभियंत्याच्या तपासणीत आरसीसी भागात दोष आढळल्यास किंवा बँकेचं व्हॅल्युएशन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास, खरेदीदाराने 15 दिवसांत कळवल्यावर संपूर्ण बयाणा परत केला जाईल.’ ज्या घरमालकाला घराबद्दल खात्री असते तो यावर सही करतो, असा माझा अनुभव आहे.

संस्था पुनर्विकासाच्या वाटेवर असेल तर माझं बरंच गणित बदलतं. तिथे स्लॅबपेक्षा जमीन संस्थेच्या नावावर झालीय का, म्हणजे अभिहस्तांतरण झालंय का, याला किंमत येते. पण ‘दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट होणार’ या तोंडी आश्वासनावर एक रुपयाही जास्त देऊ नका. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि विकासकाची लेखी ऑफर दाखवा म्हणा.

मी तुमच्या जागी असतो तर कधी उठून आलो असतो? ऑडिट सी-1 किंवा सी-2ए असेल, बाथरूमच्या त्या बीमची सळई पंचमांशाहून जास्त खाल्लेली निघाली असेल, किंवा मालक फॉल्स सीलिंग अथवा प्लास्टर उघडून बघायला ठाम नकार देत असतील. यातलं काही नसेल, ओल गच्चीचीच असेल आणि किंमत 61-62 वर उतरली, तर एवढ्या वर्षांच्या इमारतीत हे घर मी घेतलं असतं. बीमचं काम मात्र पॉलिमर मॉर्टरने आणि स्वतः उभं राहून, सामान हलवायच्या आधी करून घेतलं असतं.

या रविवारी टेप, टॉर्च आणि एक नाणं घेऊन जा. गच्चीची चावी आदल्या दिवशीच मागून ठेवा.